वॉटर पंप आणि येळवस

चिंचोलीचं जंगल आमचं कागदावर तीनदा पाहून झालं होतं. ह्यांच्या डायरीत पेन्सिलीने आखलेले रकाने, रकान्यांत वेळा, वेळांसमोर किलोमीटर. पहिल्याच ओळीत ‘रविवार, 29 डिसेंबर 2024, पहाटे 5.30 वा. प्रस्थान.’ प्रस्थान हा शब्द एक तर पालखीच्या बातमीत सापडतो, नाहीतर पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाच्या डायरीत. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकात शिरून हुमनाबाद आणि तिथून उजवीकडे कलबुर्गी जिल्ह्यातलं चिंचोली. जवळपास एकशेपस्तीस चौरस किलोमीटरचं कोरडं रान, 2011 साली अभयारण्य झालेलं. आत चंद्रमपल्लीचं धरण. हे निवृत्त झाले तरी धरण नसलेल्या ठिकाणी सहलीला जायला त्यांचं मन अजून तयार होत नाही.

त्यासाठी खरेदी झाली. दोन स्लीपिंग बॅगा, कपाळाला बांधायचे दिवे, आणि माझ्यासाठी बूट. आजवरच्या माझ्या सगळ्या चपलांची बेरीज केली तरी त्या बुटांच्या किमतीला पोचली नसती. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, वर्षअखेरीला लोक गोव्याला जातात.” मी म्हटलं, “लोकांना धरण बघायचं नसतं.”

उमरगा सोडलं, कर्नाटकची पाटी गेली, आणि गाडीत गूळ करपल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं बाहेर कुठेतरी गुऱ्हाळ असेल. हंगाम उसाचाच होता. पण ह्यांचं लक्ष काट्यावर गेलं होतं. काटा तांबड्या पट्ट्यात जाऊन टेकला होता. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर आतून वाफेचा लोट. मग पुढचा अर्धा तास उघड्या बोनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभं राहण्यात गेला. अकरा वर्षांच्या गाडीत काय बिघडलंय हे नुसतं बघून कुणालाही कळत नाही, पण न बघता राहणं पुरुषांना जमत नाही. शेवटी एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतूनच निदान केलं, औषधही सांगितलं: “सस्तापूर बंगला. ऑटोनगर. रस्सी बाँधके ले जाव.”

सस्तापूर बंगला मला ठाऊक होता, म्हणजे चहापुरता. हैदराबादला भावाकडे जाता-येता मुंबई-हैदराबाद रस्त्यावर जिथे बस थांबायची, जिथून एक फाटा आत बसवकल्याणला जातो, ते ठिकाण. वीस-बावीस वर्षांत त्या फाट्याने आत गेले नव्हते. त्या दिवशी एका टेम्पोच्या मागे दोरीला बांधलेली आमची गाडी, तीत सुकाणू धरून बसलेले हे, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी, अशी आमची वरात ऑटोनगरात शिरली.

हे ऑटोनगर आशियातलं दोन नंबरचं आहे असं तिथे तीन जणांनी सांगितलं. एक नंबरचं कुठलं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन नंबरचा अभिमान जास्त टिकाऊ असतो. पण काम खरोखर थक्क करणारं. ट्रकची सगळी अंगं उतरवून नुसता सांगाडा उभा. शेजारी सुतार फळ्या रंधतोय, पलीकडे लोहार कमानपाटे तापवून ठोकतोय, आणि एक पोरगा शिडीवर बसून केबिनच्या कपाळावर दोन डोळे रंगवतोय, एक झाला होता, दुसरा व्हायचा होता. गाडी इथे नुसती दुरुस्त होत नाही, नव्याने जन्माला येते.

आणि या सगळ्या पसाऱ्यात आमच्या छोट्या गाडीचा वॉटर पंप नव्हता.

तिथल्या मेकॅनिक उस्तादांनी जुना पंप काढून हातात दिला. उस्ताद साठीचे, दाढी मेंदीने तांबडी केलेली, चष्मा कपाळावर. तळहातावर मावेल एवढी ॲल्युमिनियमची वस्तू. एका बाजूला छोटा पंखा, मधून दांडी. दांडी बोटाने हलवली की खिळखिळ्या दातासारखी डुगडुगायची. सीलभोवती हिरवट-पांढरी खपली धरलेली, म्हणजे पाणी कैक दिवस थेंबथेंब झिरपत होतं आणि आम्ही रकाने आखत होतो. “बेरिंगच गया, साब. पंखा फिरताच नई. हेड बच गया, नसीब समझो.” हे म्हणाले, “आजच्या आज होईल?” उस्ताद हसले. “इतवार है. दुकान बंद. पार्ट कल सोलापुर से निकलता, शाम की बस में. टेंशन नक्को लेव.”

तो ‘नक्को’ आणि तो ‘च’ दोन्ही आपल्याकडूनच दखनीत गेलेले. मी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा असलं काही कानावर पडलं की गाडी बंद पडल्याचं दुःखही क्षणभर विसरायला होतं. ह्यांना तसा काही उतारा नव्हता. “म्हणजे उद्या संध्याकाळी पार्ट येणार, आणि उद्या रात्री तुम्ही बसवणार?”

“कल रात? नई साब. कल येळ अमास है. कल कोई नई मिलता. मेरे छोकरे सब खेत में. मैं भी.”

येळ अमास.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं सगळं गोत साताऱ्याकडचं, त्यांना हा शब्दच माहीत नाही. मला मात्र उस्तादांच्या पुढ्यात, ग्रीसने काळ्या झालेल्या त्या जमिनीवर, शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखं झालं. मी उदगीरची. आमच्याकडे येळवस म्हणजे दिवाळीच्या बरोबरीचा सण, काकणभर सरसच. लातूर-उदगीरच्या बाजारपेठा त्या दिवशी ओस पडतात, कचेरीत कुणी भेटत नाही. मार्गशीर्षातली अमावास्या. सगळं गाव आपापल्या शेतात. आणि मी पुण्यातल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या त्याच चौकोनात पेनाने ‘चिंचोली, दिवस 2’ लिहून ठेवलं होतं. चौकोनातलं बारीक अक्षर त्याखाली झाकलं गेलं होतं.

रात्री बसवकल्याणच्या लॉजवर हे लवकर झोपले, किंवा झोपल्यासारखे पडून राहिले. चिडलेल्या माणसाची झोप श्वासावरून ओळखता येते. मी खिडकीत बसले होते. समोरच्या दुकानाच्या पाटीवर कानडी अक्षरं, शेजारी इंग्रजी, कोपऱ्यात कुणीतरी हाताने मराठीत ‘येथे झेरॉक्स मिळेल’. आणि तेव्हा, कसं ते सांगता येत नाही, डोक्यात दिवा पेटला: हे कल्याण.

अठ्ठावीस वर्षं मी ‘मराठी भाषेचा आरंभकाळ’ हा धडा उतरवून दिलाय. ‘मानसोल्लास, अर्थात अभिलषितार्थचिंतामणी. कर्ता, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. काळ, इ. स. 1129च्या सुमारास. यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख.’ दरवर्षी एखादं पोर विचारायचं, “मॅडम, कल्याण म्हणजे ठाण्याचं ना, लोकलचं?” मी म्हणायचे, “नव्हे, ते कर्नाटकातलं,” आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे. ते कर्नाटकातलं कल्याण म्हणजे आपण चहा पितो त्या फाट्याच्या आत थोड्याच अंतरावर आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. नकाशात माहीत होतं. पण शिकवतानाचं कल्याणी आणि बसच्या खिडकीतलं बसवकल्याण ही दोन गावं माझ्या डोक्यात कधी शेजारी आली नाहीत. विज्ञानेश्वराची मिताक्षरा याच राजधानीतली. एकत्र कुटुंबातल्या वाटण्यांचे वाद शतकानुशतकं जिच्या आधाराने भांडले गेले, ती. पुढे याच गावात बसवेश्वर म्हणजे बसवण्णा, त्यांचा अनुभवमंडप, त्यांचे अनुयायी शरण. 1956च्या राज्य पुनर्रचनेनंतर गावाच्या नावाला बसवण्णा येऊन चिकटले, आणि 2019 साली हैदराबाद-कर्नाटकच्या साऱ्या पट्ट्यालाच ‘कल्याण कर्नाटक’ हे नाव मिळालं.

ती 1956ची पुनर्रचना तर आमच्या घरातली. माझे वडील उदगीरला जन्मले तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, निजामाच्या राज्यात. मग ते मुंबई राज्यात गेलं, उस्मानाबाद जिल्ह्यात. मग महाराष्ट्र झाला. मग 1982 साली लातूर जिल्हा झाला. वडिलांनी या सगळ्या काळात घर बदललं नाही, साधी दाराची कडीही बदलली नाही. आजी शेवटपर्यंत ‘बेदर’ म्हणायची. दामाजीपंतांनी वाटलेल्या धान्याचे पैसे चुकते करायला विठोबा विठू महार होऊन गेला तेच बेदर. तिच्या लेखी ते परराज्यात नव्हतंच, विठोबा पायी गेला म्हणजे काही फार लांब नसणार.

सकाळी लॉजखाली इडली मिळाली. मी ह्यांना म्हटलं, “मानसोल्लासात इडली आहे, इड्डरिका म्हणून. नुसत्या उडदाची, तांदूळ नाही. याच गावच्या राजाने लिहिलंय.” हे चटणीत बघत म्हणाले, “वॉटर पंपाबद्दल काही लिहिलंय का?”

नारायणपूरला चालत जाऊ, असं मी सुचवलं. चालुक्यांच्या काळातलं शिवाचं देऊळ आहे, चारेक किलोमीटरवर. रिक्षा मिळेना, कारण रिक्षावालेही शेतात. ह्यांनी डायरी काढली, तीत सोमवारच्या रकान्यात ‘सकाळी 6 ते 10, जंगलवाट (मध्यम अवघड)’ असं लिहिलं होतं. ते बघून डायरी मिटली. माझे बूट ऑटोनगरात, कुलूपबंद गाडीच्या डिकीत. पायात घरातून येताना घातलेल्या चपला. ह्यांच्या पायात सँडल. कपाळाचे दिवेही डिकीत. मध्यम अवघड वाटेला आम्ही असे निघालो.

गाव खरोखरच रिकामं झालं होतं. शटर ओढलेली, एका ओट्यावर कुत्रं, एका दारात चालता न येणारे आजोबा. रस्त्याला मात्र गर्दी. बायका डोक्यावर पाट्या घेऊन, पाटीवर धुतलेलं फडकं. पोरं पुढे, म्हातारे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, आणि एका सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं आंबिलीचं बिंदगं, प्रत्येक खड्ड्याला डचमळणारं. वास मला आधी आला, मग कळलं कशाचा. ताकात कालवून रात्रभर आंबवलेलं ज्वारीचं पीठ, त्यात लसूण-आलं. चाळीस वर्षं हा वास नाकात गेला नव्हता. पण नाकाला वर्षं मोजता येत नाहीत.

डांबरी संपली, गाडीवाट लागली. एका बाजूला तूर, माणसाच्या डोक्याइतकी, शेंगा निम्म्या हिरव्या निम्म्या वाळलेल्या. दुसऱ्या बाजूला ज्वारी, काही पोटरीत, काही निसवलेली. बांधाला करडई. माती इथे काळी, तिथे एकदम तांबडी, जणू कुणी शिवण घातलेली. हे हळूहळू बोलायला लागले. आधी ज्वारीच्या ओलीबद्दल, मग बांधाच्या उताराबद्दल, मग पाटाच्या पाण्याबद्दल. मी ओळखलं, राग उतरणीला लागला.

सोमेश्वराच्या ग्रंथात शंभर अध्याय. पाच विंशती, एकेकीत वीस. शेवटची क्रीडाविंशती, म्हणजे राजाने मन कसं रमवावं याची यादी. तिच्यात भूधरक्रीडा आहे, डोंगरावरची. वनक्रीडा आहे, वाळूतली वालुकाक्रीडा आहे, चांदण्यातली ज्योत्स्नाक्रीडा. आणि एक आहे सस्यक्रीडा, उभ्या पिकातली. वर्गात हा भाग मी गाळायचे, परीक्षेला नसायचा. मलाही तो अध्याय राजेलोकांची चैन वाटायचा. डोंगर, वन ठीक आहे, पण पिकात काय क्रीडा करायची? शेतकऱ्याच्या मुलीला हा प्रश्न पडावा हे काही भूषणावह नाही.

दीड-दोन किलोमीटरवर माझ्या उजव्या चपलेचा अंगठा निसटला. मी ती हातात घेऊन एका पायाने लंगडत चालले. तेवढ्यात तुरीच्या आतून आवाज आला.

“बर्री अक्का, बर्री! कुठं चाल्लाव उन्हाचं?”

कानडीत सुरू होऊन मराठीत संपलेलं वाक्य. तुरीतून वाट काढत एक बाई आली, चाळिशीतली, हिरवं लुगडं, हाताला पीठ. नारायणपूरला जातोय म्हटलं. “द्येऊळ काय पळून जातंय? जेवल्याबिगर आज कुणी जात नसतंय बघा.” हे मागे सरले. अनोळखी माणसाकडे असं कसं जेवायला बसायचं, असा साताऱ्याचा संकोच. मी त्यांच्या कानात म्हटलं, “आज नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर त्यांच्या शेताला लागतं.” हे खरं की मी तिथल्या तिथे रचलं, हे मलाही माहीत नाही. आजी असंच काहीतरी म्हणायची.

शेताच्या मध्यावर कोप. कडब्याच्या पेंढ्या गोलाकार उभ्या करून वर शेंडे बांधलेले. तोंड पूर्वेला, वाकून आत जावं लागतं. आत चुन्याने रंगवलेले दगड ओळीने, पाच पांडव, त्यांच्यापुढे ओटी, नवं हिरवं कापड, पणती. वरून कडब्यातून ऊन गाळून येतं आणि दगडांवर बारीक पट्टे उमटतात. मी आत वाकले आणि तशीच बसून राहिले. लहानपणी आम्ही भावंडं पूजा झाली की कोपीत शिरून बसायचो, बाहेरचे आवाज ऐकत. आतला उजेड तसाच होता, ताकातल्या हळदीसारखा. बाहेरून ह्यांचा आवाज आला, “अगं, बरी आहेस ना?”

तीन भावांचं शेत होतं. वाटण्या झालेल्या, बांध घातलेले, चुली वेगळ्या; थोरल्याचं आणि मधल्याचं तर कोर्टात होतं म्हणे. पण कोप एकच. “येळवसला तिघंबी एकाच ठिकाणी जेवतो,” धाकटा म्हणाला, “उद्यापास्नं हाय की भांडाय.” मिताक्षरेत याची सोय असेल असं वाटत नाही.

जेवण पळसाच्या पत्रावळीवर. भज्जी आधी आली. भज्जी म्हटलं की पुण्यात लोकांना कांदाभजी आठवतात. ही म्हणजे त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात: तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाल, वाटाणा, वांगं, गाजर, मेथी, हरभऱ्याची भाजी, चिंचेचा कोळ, वर पीठ लावून रटरट शिजवलेलं. रंग चिखलाचा, चव सांगता येत नाही. ती बाजरीच्या उंड्यावर घालायची; उंडा हाताने फोडला की आतून वाफ येते आणि बोटांना खरखर लागते. मग तिळाची पोळी, गव्हाची खीर. आंबील पितळी तांब्यातून. हे पहिला घोट घेऊन थांबले. मी बघत होते. मग त्यांनी तांब्या रिकामा करून पुढे धरला, आणि सगळ्या बायका एकदम हसल्या.

आजूबाजूला, तुरीपलीकडे, प्रत्येक शेतातून धूर. झाडाला झोके. दिसत कुणी नव्हतं, आवाज सगळ्यांचे येत होते. मग थोरला भाऊ उठला, तांब्यात आंबील घेतली, लिंबाचा डहाळा बुडवला आणि पिकावर शिंपडत कडेकडेने निघाला, मोठ्याने ओरडत. मागून पोरं, तीच आरोळी.

माझ्या अंगावर काटा आला. आरोळी तीच होती. आमच्या शेतात वडील हेच ओरडायचे, आणि आम्ही पोरं विचारायचो, म्हणजे काय हो दादा? ते म्हणायचे, “म्हणजे काही नाही, म्हणायचं असतं.” आमच्याकडे ते नुसते ठेक्याचे आवाज होते, अर्थ उडून गेलेले. इथे ते शब्द होते. कानडी शब्द, सबंध, जागच्या जागी. मला कानडी बेताचंच येतं, पण एवढं कळलं की आमच्या आरोळीत जे बोबडं होतं ते इथे स्पष्ट आहे. वडिलांना हे सांगायला हवं होतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, आमच्या गाडीएवढीच.

“येळ अमास का म्हणतात?” ह्यांनी विचारलं. कुठल्याही गोष्टीची व्युत्पत्ती माझ्याऐवजी दुसऱ्याला विचारली की मला राग येतो, पण मी गप्प बसले. म्हातारी म्हणाली, एळ्ळु म्हणजे तीळ, तिळाची पोळी करतात म्हणून. मधला भाऊ म्हणाला, न्हाई अव्वा, एळु म्हणजे सात, सातवी अमावास्या. दोघांत जुंपली. हे बोटं मोजायला लागले: ज्येष्ठ एक, आषाढ दोन, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. सात. मृगात पेरा झाल्यापासून सातवी. त्यांचा चेहरा असा उजळला की धरणाची गळती सापडलीय. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा हिशेब जुळला होता. म्हातारीने मात्र हार मानली नाही. ती पोळीवरचे तीळ दाखवत राहिली.

चपलेचं कुणाच्या लक्षात आलं कोण जाणे. निघताना पाहिलं तर एका मुलाने अंगठ्याला तारेचा वेढा देऊन, टोक आतून वळवून, ती पक्की केली होती. कल्याणात चपलेचा विषय निघाला की हरळय्याची आठवण यायचीच. बसवण्णांनी एका नमस्काराला दोन नमस्कार केले म्हणून त्या उपकाराने वाकलेल्या या चांभार नवरा-बायकोने आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा त्यांच्यासाठी शिवल्या, अशी कथा आहे. पुढे त्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मणाच्या मुलीशी झालं आणि त्यावरून हे गाव पेटलं, शरण दाही दिशांना पांगले. माझी चप्पल तारेने शिवणाऱ्या पोराला मी काय द्यावं हे सुचेना. पर्समध्ये पेन होतं, ते दिलं. तोही लाजला, मीही.

म्हातारीने आमची पाण्याची रिकामी बाटली मागून घेतली आणि काठोकाठ आंबील भरून दिली. “उद्या अजून ग्वाड लागती.”

देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वाटेत आणखी दोन कोपींतून हाका आल्या. एका ठिकाणी घोटभर आंबील, एका ठिकाणी नुसती खीर, पोट ओ म्हणेपर्यंत. देवळात कुणी नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर मदनिका, कुणाची बोटं झिजलेली, कुणाचं नाक. एकीसमोर हे बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, “काय बघताय एवढं?” म्हणाले, “दगडाचा जोड. पाणी कुठून शिरत नाही बघ.” मग आम्ही ओट्यावर बसलो. पोट इतकं भरलेलं की आठशे-नऊशे वर्षांच्या शिल्पापुढेही जांभया येत होत्या. मी ह्यांना सस्यक्रीडेबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “राजाला बोलवावं लागत असेल गं, पिकात. आपल्याला कुणी तरी बोलावलं.” एवढं बोलून खांबाला टेकून झोपी गेले. हा श्वास खऱ्या झोपेचा होता.

परतताना अंधार पडला. अमावास्याच ती, आणि कपाळाचे दिवे ऑटोनगरात. पण काही अडलं नाही. दूरदूरच्या शेतांतून उजेडाचे गोळे फिरायला लागले, पेटवलेल्या कडब्याच्या पेंढ्या घेऊन कुणी शेताला फेरी घालत होतं. एक विझायचा, दुसरा निघायचा. आम्ही गाडीवाटेने त्या उजेडांच्या मधून चालत गावात आलो. माझी चप्पल टिकली.

मंगळवारी सकाळी ऑटोनगरात गेलो तर बसमधून आलेलं खोकं उस्तादांच्या टेबलावर. दोन तासांत पंप बसला, नवीन होज, नवीन कूलंट. उस्तादांनी मजुरी सांगितली ती ऐकून ह्यांनी दोनदा विचारलं, इतकी कमी होती. वर एक डबा पुढे केला. “घर की भज्जी, मॅडम. कल की.” मी म्हटलं, आमची झाली काल. ते म्हणाले, “हमारे खेत की नई हुई ना?” शेजारच्या ट्रकचा दुसरा डोळा रंगवून झाला होता.

चिंचोलीला एक रात्र तरी गाठू, असं ठरलं. हुमनाबादच्या दिशेने निघालो. हे दर मिनिटाला काट्याकडे बघत होते. काटा मध्यावर, शहाण्यासारखा. राजेश्वरच्या अलीकडे असू, आणि फाट् असा आवाज झाला. गाडीतूनच. ह्यांनी ब्रेक दाबला, चार इंडिकेटर लावले, उतरले, बोनेट वर केलं, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वाफ नाही, वास नाही. होज जागेवर, पंप जागेवर. “काहीच नाही,” ते म्हणाले, “अगं, काहीच कसं नाही?” मी मागे वळून पाहिलं. म्हातारीने दिलेल्या बाटलीचं बूच मागच्या सीटवर पडलं होतं, आणि आंबील दोन्ही कोऱ्या स्लीपिंग बॅगांवरून, छतापर्यंत उडून, आता हळूहळू खाली ठिबकत होती.